मेंढीच्या दह्याचा माग

लंडनच्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटात गेलं की दह्याचं कपाट संपता संपत नाही. कितीतरी डबे निळे-पांढरे, कशावर खांबांचं देऊळ, कशावर ऑलिव्हची फांदी, आणि बहुतेकांवर ‘ग्रीक’ किंवा ‘ग्रीक स्टाइल’. तरीही २०२४ च्या सप्टेंबरात मी ज्या दह्यासाठी दुकानं पालथी घालत होते, ते त्यात नव्हतं. मला मेंढीच्या दुधाचं, पाणी निथळवून घट्ट केलेलं, ग्रीस नाहीतर सायप्रसमध्ये बनलेलं दही हवं होतं.

मी मूळची फलटणची. तिकडे एएनएम होते, इथं उत्तर लंडनमध्ये घरोघर जाऊन वृद्धांची देखभाल करते. आमच्या भेटीला ‘कॉल’ म्हणतात. सकाळचा कॉल पाऊण तासाचा, दुपारचा आणि रात्रीचा अर्ध्या तासाचा. तेवढ्यात अंग पुसणं, कपडे, औषध, खाणं आणि शेवटी फोनमधल्या ॲपवर नोंद. ज्या आजींबद्दल लिहितेय त्या पामर्स ग्रीनला राहतात. सायप्रसमधल्या एका खेड्यातून १९६० च्या आसपास त्या इथं आल्या आणि निवृत्त होईपर्यंत कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनवर बसल्या. त्या काळात सायप्रसहून आलेल्या कितीतरी बायकांनी लंडनमध्ये हेच काम केलं. १९७४ साली तुर्की सैन्य बेटावर उतरलं, त्यात त्यांचं गाव उत्तरेकडच्या भागात गेलं. त्यामुळे परत जाण्याचा विषयच मिटला.

२०२४ च्या उन्हाळ्यात आजींना पक्षाघाताचा झटका आला. हात बराचसा सुधारला, गिळणं सुधारलं नाही. स्पीच थेरपिस्टनं तपासून ‘लेव्हल फोर’ लिहून दिलं. गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी बऱ्याच देशांत एक मोजपट्टी वापरतात, शून्यापासून सातपर्यंत. शून्य म्हणजे पाण्यासारखं पातळ, सात म्हणजे नेहमीचं जेवण. चार म्हणजे एकजीव वाटलेलं, चावावं न लागणारं. त्यात गाठ नको, चिकटपणा नको, आणि त्याला पाणी सुटता कामा नये. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. घट्ट घास सावकाश उतरतो, सुटलेलं पाणी झपकन पुढे जातं, आणि दुबळा झालेला घसा दोन्ही एकदम सांभाळू शकत नाही. ते पाणी श्वासनलिकेत गेलं की छातीत न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

पदार्थ चालेल की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. चमचाभर घ्यायचं आणि चमचा कलता करायचा. पदार्थानं आकार धरून राहायला हवं, आणि कलता केल्यावर गोळाच्या गोळा एकदम घसरून पडायला हवा. चमच्याला चिकटून बसला तरी नापास, ओघळ आला तरी नापास. ‘ग्रीक स्टाइल’चे स्वस्त डबे उघडल्या उघडल्या घट्ट दिसतात. पण एकदा चमचा फिरवून झाकून ठेवा आणि दुपारी बघा, चमच्यानं पडलेल्या खड्ड्यात निवळी साचलेली असते.

आजी काही खात नव्हत्या. वाटलेली कोंबडी, वाटलेला वाटाणा, वाटून पुन्हा साच्यातून गाजराच्याच आकाराचं काढलेलं गाजर, कशालाही तोंड उघडत नव्हत्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं चॉकलेटच्या चवीचं प्रोटीनचं पेय एका घोटातच परत आलं. दर आठवड्याला वजनाचा काटा खाली सरकत होता. लग्नाची अंगठी बोटातून निसटायला लागली तेव्हा त्यांच्या मुलीनं ती काढून कपाटात ठेवली. आजी मागायच्या ते फक्त दही. मुलगी सुपरमार्केटातलं आणायची, आजी एक चमचा जिभेवर घ्यायच्या आणि मान फिरवायच्या.

आमच्या ॲपमध्ये ‘नाकारलं’ असा एक पर्याय असतो. त्यावर बोट टेकवलं की कॉलची नोंद पूर्ण होते. मला तो पर्याय अपुरा वाटतो. म्हातारं माणूस जेवण नाकारतं तेव्हा ते नेमकं काय नाकारतंय, हे शोधून काढणं मी माझ्या कामाचा गाभा मानते. आजींची भूक मेली नव्हती. ज्याला त्या दही म्हणत होत्या, ते त्यांच्यासमोर येत नव्हतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी मी विचारत बसले. त्यांची मुलगी साठीची, आईसाठी नोकरी अर्धवेळ केलेली. त्या मधे बसून ग्रीकमधलं इंग्रजीत सांगत होत्या. आजींच्या माहेरी मेंढ्या होत्या, थोड्या शेळ्या. त्यांची आई दूध उकळून मातीच्या भांड्यात विरजण लावायची, भांडं घोंगडीत गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी दही कापडी पिशवीत भरून दाराबाहेरच्या खुंटीला टांगायची. निवळी खाली भांड्यात, पिशवीत राहिलेलं ते दही. ऐकता ऐकता मला दसऱ्याच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात नळाला टांगलेल्या चक्क्याचं गाठोडं दिसायला लागलं. मी त्यांना श्रीखंडाबद्दल सांगितलं. आजींना साखरेचा भाग पटला नाही, पण कापड कुठलं वापरता, हे त्यांनी दोनदा विचारलं.

फरक दुधात होता. गाईच्या दुधात प्रथिनं साधारण सव्वातीन टक्के, मेंढीच्या दुधात साडेपाचच्या आसपास. स्निग्धांश गाईच्या दुधात चारच्या आत-बाहेर, मेंढीच्या दुधात सहा-सात. त्यामुळे मेंढीचं दही मुळातच भरीव लागतं, चवीला गोडसर, आणि जिभेवर थोडा वेळ रेंगाळतो असा एक वास त्याला असतो. मी धनगरांचे कळप पाहत मोठी झाले, पण ते दूध आमच्या घरात कधी आलं नव्हतं. इथं आधी मला स्वतःला ती चव शिकावी लागली. नाहीतर दुकानदाराला काय मागणार?

पामर्स ग्रीनमधून ग्रीन लेन्स नावाचा लांबलचक रस्ता दक्षिणेकडे जातो. वरच्या टोकाला सायप्रसच्या ग्रीकांच्या बेकऱ्या आणि किराणा दुकानं, आणि वुड ग्रीन ओलांडून हॅरिंगेला उतरलं की तुर्की आणि कुर्दी लोकांची. १४१ नंबरची बस त्याच रस्त्यानं जाते. दुपारचा आणि रात्रीचा कॉल यांच्या मधला वेळ मला मिळायचा, त्यात एकेक तुकडा मी पायाखाली घातला. या वेळेचे पैसे मिळत नाहीत, आणि मिळायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. पण आजींचं वजन त्या वादासाठी थांबणार नव्हतं.

डबे वाचायला शिकणं हा पहिला धडा. २०१४ साली इथल्या अपील कोर्टानं एका अमेरिकन कंपनीला अमेरिकेत बनलेलं दही ‘ग्रीक योगर्ट’ या नावानं विकायची मनाई कायम केली. इंग्लंडचं गिऱ्हाईक त्या नावाखाली ग्रीसमध्ये बनलेलं दही समजून घेतं, हा त्यातला मुद्दा होता. म्हणून बाकीचे ‘ग्रीक स्टाइल’ लिहितात, आणि त्यातल्या कित्येकांत दही निथळवण्याऐवजी दुधाची पावडर, साय नाहीतर स्टार्च घालून घट्टपणा आणलेला असतो. डब्याच्या झाकणावर किंवा बुडाशी एक छोटा अंडाकृती शिक्का असतो, त्यात माल ज्या कारखान्यात तयार झाला त्या देशाची अक्षरं असतात. निळ्या-पांढऱ्या डब्यावर मला जर्मनीची अक्षरंही सापडली. दूध कुणाचं हे कळायला ग्रीक अक्षरं लागतात, आणि त्यासाठी शाळेतलं गणित-विज्ञान उपयोगी पडलं. मेंढीचा शब्द ‘पाय’ आणि ‘रो’नं सुरू होतो, वर्तुळाचा पाय आणि घनतेचा रो. शेळीचा कॅपानं, गाईचा अल्फा-गॅमानं. थोड्याच दिवसांत मी फ्रीजच्या काचेबाहेरूनच ओळखायला लागले.

तर, निथळवलेलं खरं ग्रीक दही भरपूर मिळत होतं, पण गाईच्या दुधाचं. मेंढीच्या दुधाचं मिळालं तर ते न निथळवलेलं, वर जाड साय धरलेलं. ही साय म्हणजे आजींच्या जिवाचा तुकडा, आणि लेव्हल फोरच्या माणसासाठी नेमका धोका: चामट, न विरघळणारी, घशात अडकणारी. हॅरिंगेच्या दुकानांत निथळवलेल्या दह्याच्या बादल्याच्या बादल्या होत्या, त्याही गाईच्याच. इंग्लंडमध्ये बनलेलं मेंढीचं दही काही दुकानांत होतं. ते मुलीनं आणलं, मी सांगितलं तसं धुतलेल्या मलमलीत बांधून, चाळणीवर ठेवून फ्रीजमध्ये रात्रभर निथळवलं. आम्हाला स्वतःच्या घरून काही करून न्यायची परवानगी नाही, म्हणून हे सगळं त्यांच्याच घरात, त्यांच्याच हातून. चमच्याच्या परीक्षेत ते उत्तम उतरलं. आजींनी अर्धी वाटी खाल्ली, आणि आठवड्याभरात ती पाव वाटी झाली. त्यांना ते फिकं लागत होतं.

हॅरिंगेमधल्या एका दुकानात गल्ल्यावर एक वयस्क गृहस्थ बसतात. तेही सायप्रसचेच, पण तुर्की. मी काय शोधतेय हे ऐकल्यावर त्यांनी आजींचं गाव विचारलं, मग म्हणाले, फोन लावून दे. मी मुलीला फोन लावला, त्यांनी तो आजींना दिला, आणि हे गृहस्थ दुकानात उभे राहून आजींशी सायप्रसच्या ग्रीक बोलीत बोलायला लागले. ते लहानपणी मिश्र वस्तीच्या गावात वाढले होते. तिथं दोन्ही भाषा अंगणातच कानावर पडायच्या. झटक्यानंतर आजींचे उच्चार अडखळतात, मुलीलाही कधीकधी कळत नाहीत, पण त्यांना कळत होते. फोन ठेवून त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं की तुझ्या बाईंना मेंढीचं हवं आहे, शेळीचं मिसळलेलं चालेल, आंबट बिलकूल चालणार नाही. आणि सप्टेंबरात तुला हे कुणीच देणार नाही.

का, ते त्यांनी सांगितलं आणि मला ते लगेच कळलं, कारण मी गावाकडची आहे. मेंढ्या आटल्या होत्या. ग्रीस-सायप्रसकडे मेंढ्या मुख्यतः हिवाळ्याच्या सुमाराला वितात. कोकरं तोडली की वसंतभर दूध, आणि उन्हाळा सरता सरता आटतात. शहरातल्या गिऱ्हाइकाला बारमाही दूध गाईच देतात. त्यात जे दूध निघतं त्यावर पहिला हक्क फेटा चीजचा. २००२ पासून युरोपात फेटा हे नाव फक्त ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या चीजला लावता येतं, आणि त्यात निदान सत्तर टक्के दूध मेंढीचं असावं लागतं, उरलेलं शेळीचं. जगभर मागणी असलेला, महिनोन्‌महिने टिकणारा माल सोडून कारखानदार मेंढीचं दूध काही आठवड्यांत संपवाव्या लागणाऱ्या दह्याकडे का वळवेल? शिवाय त्याच जुलैत ग्रीसच्या थेसली भागात शेळ्या-मेंढ्यांमध्ये पीपीआर या सांसर्गिक रोगाची साथ निघाली होती, पाठोपाठ मेंढ्यांच्या देवीचीही. कळपच्या कळप मारावे लागले. एखाद्या मेंढपाळाचा कळप असा एका दिवसात जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

दूध असलं तरी मालाला लंडनपर्यंत यायचं असतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर बरीच वर्षं सीमेवरची तपासणी पुढे ढकलली जात होती. २०२४ च्या जानेवारीअखेरीपासून दुग्धजन्य मालाला पशुवैद्यकाचा दाखला सक्तीचा झाला आणि ३० एप्रिलपासून बंदरांवर प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली. मोठ्या कंपनीला एका दाखल्यावर ट्रकभर माल आणणं परवडतं. चार प्रकारचं चीज, थोडे ऑलिव्ह आणि दह्याची दोन खोकी असा मिश्र माल आणणाऱ्या छोट्या आयातदाराला नाही. प्रत्येक वस्तूचा कागद वेगळा, आणि बंदरावर ट्रक थांबला तर पहिलं खराब होणार ते दही. एका दुकानदारानं मला सरळ सांगितलं की पूर्वी मी आणायचो, आता ते यादीतून काढलं.

त्या गृहस्थांनी एका घाऊक व्यापाऱ्याचा पत्ता दिला. तो हॉटेलांना माल देतो. मी केलं ते एवढंच की त्याच्याकडे काय येतं, कधी येतं आणि कुणाकडे जातं हे विचारत राहिले, आणि पामर्स ग्रीनच्या ज्या बेकरीवाल्या बाई त्याच्याकडून चीज घेतात त्यांची आणि आजींच्या मुलीची गाठ घालून दिली. डिसेंबर सरता सरता बेकरीत किलोचा डबा आला. झाकणावर पाय, रो, आणि खाली निथळवल्याचं लिहिलेलं. शिक्क्यात ग्रीस.

मी चमचा बुडवला तेव्हा तो उभा राहिला. कलता केल्यावर गोळा सुटेना, कडा चमच्याला धरून बसली. म्हणजे उलट्या बाजूनं नापास. थोडंसं दूध घालून फेटलं, पुन्हा कलता केला, आता एकदम पडला, मागे फक्त पातळ थर. दहा मिनिटं ठेवून पाहिलं, पाणी नाही. आजींना पाठीमागे उशा लावून ताठ बसवलं आणि छोट्या चमच्यानं दिलं. एक घास, मग थांबायचं, गळ्याची हालचाल बघायची, ‘आ’ म्हणायला लावून आवाज ओला तर येत नाही ना ते ऐकायचं, मग दुसरा. त्यांनी वाटी संपवली आणि मुलीला म्हणाल्या, थोडं मीठ. गावाकडे त्या दह्यावर मीठ घालून खायच्या म्हणे. ही गोष्ट तोवर कुणालाच माहीत नव्हती.

वजन आधी उतरायचं थांबलं, मग हळूहळू चढायला लागलं. पण जानेवारीच्या नोंदी पाहताना मला एक गोष्ट खटकली. काही दिवशी दही जवळजवळ पूर्ण, काही दिवशी शून्य. वेगवेगळ्या केअररनी ‘भूक कमी’, ‘थकलेल्या’, ‘मूड नाही’ असं लिहिलं होतं. मी तारखा वारांसमोर मांडल्या. शून्य बुधवारी आणि शुक्रवारी होतं. आजी ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, आणि त्यांच्यात बुधवार-शुक्रवार उपास. मुलगी उपास करत नाही, त्यामुळे तिच्या ते डोक्यातही नव्हतं, आणि आजींना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. आपला उपास आपण जाहीर करतो थोडाच? माझ्या आईच्या संकष्टीला दही चालतं, किंबहुना त्याच्यावरच दिवस निघतो. यांच्या उपासाला नेमकं दूध-दहीच वर्ज्य. मला वाटतं, जिच्या घरात कुणी ना कुणी आठवड्यातून एकदा उपास करतच होतं, तिला हे लवकर दिसतं.

आणि पुढे मार्च होता. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास ३ मार्चला सुरू होणार होता, ईस्टर २० एप्रिलला. म्हणजे तिकडे मेंढ्या दुधानं भरलेल्या असताना, बेकरीत डबे हमखास येत असताना, आजी सलग सात आठवडे दह्याला शिवणार नव्हत्या. त्यांना समजवायचा अधिकार माझा नाही आणि मी तसा प्रयत्न केला नाही. मुलीनं त्यांच्या चर्चच्या पाद्रींना फोन केला. आजारी आणि वृद्ध माणसाला उपासातून सूट असते, पण ती त्यांच्या तोंडून यावी लागते. पाद्री घरी आले, आजींच्या शेजारी बसले, बराच वेळ बोलले. दह्याची मोकळीक दिली. गुड फ्रायडेला मात्र आजींनी ती घेतली नाही. त्या दिवशी आम्ही वाटलेल्या चण्याचं सूप दिलं, घट्ट करून आणि गाळून.

त्याच वसंतात नातीनं सायप्रसहून येताना बॅगेत दह्याचे डबे आणायचं ठरवलं होतं. जर्मनीत, मग हंगेरी-स्लोव्हाकियात गुरांना लाळ्या-खुरकुताची साथ निघाली आणि १२ एप्रिल २०२५ पासून ब्रिटन सरकारनं युरोपीय संघातल्या कुठल्याही देशातून प्रवाशांनी दूध, दही, चीज, मांस आणायला बंदी घातली. नात हात हलवत आली. बेकरीतला डबा मात्र येत राहिला, कारण तो व्यापारी मार्गानं, दाखल्यासह येतो. इतकी खटपट करून पुरवठ्याची ओळ बांधली होती ती तेव्हा कामी आली.

मे महिन्यात आजींचा केअर प्लॅन नव्यानं लिहायचा होता. मी रजेवर भारतात जाणार होते, आणि माझ्या जागी येणारी मुलगी नवीन, केरळची. जुन्या प्लॅनमध्ये खाण्याखाली एकच ओळ होती: लेव्हल फोर, दही आवडतं. मी ऑफिसला सांगितलं की हे पुरेसं नाही. एवढं तपशीलवार कशाला, असं विचारलं गेलं. मी वजनाचा तक्ता समोर ठेवला. मग पुढचं सगळं प्लॅनमध्ये गेलं:

दही मेंढीच्या दुधाचं, निथळवलेलं. झाकणाचा फोटो सोबत जोडला आहे. बेकरीत माल गुरुवारी येतो, आजींची मुलगी आणते; ती नसेल तर बेकरीवाल्या बाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवावं. सकाळचं थायरॉइडचं औषध आधी, दही डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर ठेवून नंतर. दुधाचा हलका हात देऊन फेटावं, चमचा कलता करून बघावं, दहा मिनिटांनी पाणी सुटलं का ते पुन्हा बघावं. चिमूटभर मीठ. साय असलेला डबा आला तर साय पूर्ण काढावी. आजी मागतील, तेव्हा थेरपिस्टनं नको म्हटलंय असं त्यांना सांगावं, संपली असं खोटं सांगू नये. खाल्ल्यावर अर्धा तास ताठ बसवावं. बुधवारी आणि शुक्रवारी दही द्यायचं की नाही हे आजींना विचारावं; नको म्हणाल्या तर ‘नाकारलं’ न लिहिता ‘उपास’ लिहावं आणि चण्याचं सूप द्यावं. ऑगस्ट ते डिसेंबर डबा मिळेलच असं नाही; तेव्हा मलमल ओट्याखालच्या खणात आहे, इंग्लिश मेंढीचं दही रात्रभर फ्रीजमध्ये निथळवावं, आणि वजन दर सोमवारी घ्यावं.